यशवंतपूरचा कोशिंबीर-पाव

बेंगळूर, नोव्हेंबर १९६६, रविवार

अण्णा,

तुम्ही गेल्यापासून मी तुम्हाला एक ओळही लिहिली नाही, त्याबद्दल क्षमा करा. आजही काही मायेने लिहीत नाहीये. दुपारपासून राग आलाय आणि घरात आई आणि पाहुणा सोडून कुणी नाही. त्यांच्यावर काढला तर अन्याय होईल, म्हणून ज्यांचा आहे त्यांनाच लिहिते.

पुण्याहून आत्याचा मुलगा आला आहे. कँटोन्मेंटातल्या त्या मोठ्या टीरूममधलं काकडीचं सँडविच खाल्ल्याशिवाय बेंगळूर बघितलं म्हणता येत नाही, असं त्याला कुणीतरी सांगितलेलं. गेलो. पांढरे टेबलक्लॉथ, फेटेवाला वाढपी, कडा कापलेला पाव. त्याने एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला आणि हळूच म्हणाला, "अक्का, हे भिजलेल्या पोस्टकार्डासारखं लागतंय गं." मी म्हटलं, ऊठ, हे गाव काय खातं ते दाखवते. तुम्हाला माहीत नाही, पण हा माझा छंद आहे. बळेपेटेत एक जण बनला लोणी लावून वर चटणीपूड भुरभुरतो. चामराजपेटेत एक जण मसाल्याचे शेंगदाणे ठेचून भरतो. पण सगळ्यांत चांगलं सँडविच यशवंतपूरला, मालधक्क्यासमोरच्या अय्यंगारांच्या बेकरीत मिळतं, असं मी बरीच वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत आले आहे. तिथे कांद्याच्या आणि गुळाच्या व्यापाऱ्यांखेरीज कुणी फिरकत नाही. भट्टीच्या तोंडाशी खरपूस केलेल्या पावात किसलेलं गाजर, बारीक कांदा, हिरवी मिरची, मोहरी-हिंगाची फोडणी. पाव शेवटच्या घासापर्यंत ओला होत नाही.

त्याच मालधक्क्याच्या ऑफिसात तुम्ही जन्मभर नोकरी केलीत. बेकरी मला सापडली ती तुमच्या पश्चात. तेव्हा तुमची कीवही आली होती. वाटलं, रस्त्यापलीकडे हे होतं आणि अण्णांनी मान वळवूनही बघितलं नसेल. आपल्या घरात पाव म्हणजे आंबवलेलं, बाहेरचं. कॉलेजात असताना मी एकदा बन घरी आणला, तर तुम्ही मला तसंच रस्त्यावर परत पाठवलंत आणि तो गाईला घालायला लावलात. वर आंघोळ केल्याशिवाय स्वयंपाकघरात पाऊल टाकू दिलं नाहीत.

आज बाकावर बसून आम्ही दोघं मराठीत बोलत होतो. एरवी मी तिथे एकटी जाते, कन्नडात मागते, पुडी घेते आणि निघते. आज म्हातारे अय्यंगार बाहेर उन्हाला बसले होते. त्यांनी कान टवकारले आणि कन्नडात विचारलं, "मराठी का अम्मा? समोर गुड्स ऑफिसात एक मराठी राव होते, आम्ही राय म्हणायचो. काळी टोपी, कपाळाला गंध." मी म्हटलं, त्यांची मुलगी मी. म्हातारा चटकन उभा राहिला, मुलाला ओरडून अजून दोन पाव भाजायला सांगितले आणि म्हणाला, "मग हे तुमच्याच घरचं की! आम्ही नुसता पाव घालतो."

मग त्याने जे सांगितलं ते तुम्हाला माहीतच आहे. पण एकदा मी लिहिलेलं वाचा. दुपारच्या सुट्टीत तुम्ही आईने दिलेला डबा घेऊन त्याच्याकडे जायचात. पोळ्या बाहेरच्या गाईला घालायचात. कोशिंबीर ताज्या पावात भरून, तिथेच बाकावर बसून खायचात. "घासागणिक मान डोलवायचे," म्हातारा म्हणाला. "मला चाखवली, तेव्हा मी म्हटलं, राय, बाईंना नमस्कार सांगा. तर म्हणाले, छे छे, घरी बोलायचं नाही. एकदा चांगलं म्हटलं की डोक्यावर बसतात." आणि तो हसला. त्याला ती गंमत वाटते, अजूनही. आत्याचा मुलगाही हसला. मला हातातला पाव भिरकावून द्यावासा वाटला.

कारण मला दुसरी दुपार आठवत होती. मी शाळेत नुकती शिकवायला लागले होते. धारवाडचे पाहुणे पंगतीला आहेत, आई वाढते आहे. तुम्ही कोशिंबिरीची वाटी बाजूला सारता आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणता, "रोज रोज हा गुरांचा चारा. मीठ तरी चाखून घालत जा जरा." चाखून! नैवेद्याआधी जिभेला काही लावायचं नाही, हा नियम या घरात कुणाचा होता? लग्न होऊन आली त्या दिवसापासून ती बाई नुसत्या हाताच्या अंदाजाने मीठ घालत आली. गाजराला मीठ लावून ठेवायची, फडक्यात घट्ट पिळायची, मग फोडणी द्यायची, डब्यात पाणी सुटून तुमच्या कागदांवर सांडू नये म्हणून. आई "सरी, बरं" एवढंच म्हणाली आणि ताक आणायला आत गेली. त्यानंतर तिने ती कोशिंबीर कधीही केली नाही. डब्यात चटणी जायला लागली.

"मध्येच डब्यात यायची बंद झाली," म्हातारा सांगत होता. "रायांचं तोंड उतरलं. मग त्यांनीच मला शिकवली. फडक्यात कशी पिळायची, फोडणी कधी घालायची, सगळं. मिठाला स्वल्प जड हात हवा म्हणाले, पावाला तेवढंच लागतं." म्हणजे तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून बघत होता. तिचा हात कुठे थांबतो, हेसुद्धा तुम्हाला पाठ होतं. कळत नव्हतं म्हणून बोललात असं असतं, तर मी सोडून दिलं असतं. अर्धं यशवंतपूर जे मिटक्या मारत खातं, ते जिच्या हातचं, ती घरात आजही वाढताना विचारते, "मीठ जास्त नाही ना झालं?" मला वाटायचं, तिची सवय आहे. ही तुमची देणगी आहे, अण्णा.

मी रागात उगीच वाढवून लिहीत नाही ना, म्हणून पत्र पहिल्यापासून पुन्हा वाचलं. नाही. उलट एक गोष्ट राहिली आहे. म्हातारा निघताना म्हणाला, "अम्मा आहेत अजून? मग एकदा घेऊन या. खाऊ नका म्हणावं हवं तर. मला त्यांना बघायचंय."

घरी आलो, तर आईने विचारलं, "कुठे उंडारत होतात रे? काय खाल्लंत?" आत्याच्या मुलाने तोंड उघडलं आणि मी त्याचा पाय दाबला. सांगायचं तर सगळंच सांगावं लागेल, पहाटे उठून लाटलेल्या पोळ्या कुठे गेल्या तेही. ते ऐकून तिच्या जिवाला काय होईल, मला माहीत नाही. आणि गप्प बसले, तर तुम्ही केलंत तेच मी करणार. संध्याकाळभर हेच चाललं आहे. आता ती आत देवापाशी वात लावते आहे. तिला यातलं काही माहीत नाही.

हे पत्र जायचं कुठे? इथेच राहील. पण तुमचा एवढा हिशेब मांडल्यावर एक लिहायलाच हवं. इतकी वर्षं मी ते सँडविच खाल्लं, लोकांना धरून धरून नेलं, गावात असं दुसरं नाही म्हणून सांगितलं. जिच्या हातचं खाऊन वाढले, तिचा हात मला एकदाही ओळखू आला नाही.

उद्या: आईला घेऊन यशवंतपूरला जाणे.