डाव्या कुशीवरचा हात

३ तारीख, सोमवार

दुपारी पोहोचलो. दारातच चिंगीने, म्हणजे माझ्या भाचीने, हातातली पिशवी ओढून घेतली. जावईबापूंनी ती लगेच तिच्याकडून काढून घेतली, कारण बाळंतपण पाच आठवड्यांवर आलं आहे. चिंगी म्हणाली, मामा, आता कायमचा इथेच राहा, एकटा राहून तुझं बोलणं आटलंय. त्यावर जावईबापू म्हणाले, आटायला आधी होतं कुठे? सगळे हसलो. मीही हसलो. ताईला जाऊन दोन महिने झाले, त्यानंतर पहिल्यांदाच.

मला ताईचीच खोली दिली आहे. चिंगीला हाताशी आई हवी म्हणून ताई शेवटची तीन वर्षं इथे राहत होती. खिडकी पूर्वेला आहे, खाली सायकल दुरुस्तीचं दुकान. भिंतीशी ताईच्या सामानाची सात खोकी आहेत. ती आवरली की तिथे पाळणा बसेल. शाळेच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं बाटल्यांना चिठ्ठ्या लावल्या, त्यामुळे असलं काम माझ्या हातचं. रोज चार ओळी लिहून ठेवायची सवयही तिथलीच.

खोली छान आहे. इथे बरं वाटेल.

५ तारीख, बुधवार

तीन खोकी झाली. पाठीच्या मणक्यापासून डाव्या काखेखालपर्यंत आग होते आहे. खोकं उचलताना लचक भरली असावी. माझा हात तिथे पोहोचत नाही, म्हणून चिंगीने मलम चोळून दिलं. तिची बोटं अगदी ताईची.

लहानपणी आम्हा दोघांना कांजिण्या आल्या होत्या. आधी ताईला, मग तिच्यामुळे मला. ती दहाची, मी सातचा. तीन आठवडे एका पलंगावर काढले. मी खाजवू नये म्हणून ती मागून माझ्या अंगावर हात टाकायची आणि माझी बोटं घट्ट धरून ठेवायची. आज हे का आठवलं, कोण जाणे.

७ तारीख, शुक्रवार

दुखत होतं तिथे सकाळी लाल चट्टे दिसले. गरम पाण्याच्या पिशवीने भाजलं असणार. चिंगी डॉक्टरांकडे चल म्हणून मागे लागली. मी नको म्हटलं. या दिवसांत तिला माझ्या पायी खेपा कशाला? ती म्हणाली, तू आणि आई एका साच्यातले, जीव जाईल पण दुखतंय म्हणणार नाही.

बोलल्यावर तिनेच जीभ चावली.

९ तारीख, रविवार

चट्ट्यांवर मोहरीएवढे फोड आले आहेत, पाण्याने भरलेले. सदरा टेकला तरी झोंबतं. चिंगीने कापसाने हलकेच पुसलं, तरी तीन-चार फुटले. पाणी तिच्या बोटांवर आलं. तिने ते गाउनला पुसलं आणि तोच हात सवयीने पोटावर ठेवला. बाळ लाथा मारतंय म्हणाली. बघ, मामाआजोबाला भेटायची घाई झालीय.

१० तारीख, सोमवार

शेवटी जावईबापूंनी मला गाडीत घालून नेलंच, चिंगीही सोबत आली. डॉक्टरीणबाईंनी सदरा वर केला आणि लगेच म्हणाल्या, ही नागीण आहे. त्यांनी समजावून सांगितलं. लहानपणी कांजिण्या आल्या की तो विषाणू अंगातून जात नाही. मणक्याजवळच्या मज्जातंतूंत झोपून राहतो. साठ-साठ वर्षं. वय झालं, मनाला मोठा धक्का बसला, की उठतो आणि त्याच मज्जातंतूवरून कातडीवर येतो. गोळ्या तीन दिवसांच्या आत सुरू करायला हव्या होत्या. उशीर झाला आहे, पण नवे फोड येताहेत म्हणून दिल्या, दिवसातून पाच वेळा, सात दिवस. दुखण्यासाठी वेगळी गोळी दिली. तिने थोडं गुंगल्यासारखं, गोंधळल्यासारखं होईल म्हणाल्या.

मग त्यांनी चिंगीला विचारलं, तुम्हाला कांजिण्या येऊन गेल्यात ना? फोडांचं पाणी लागलं तर न झालेल्याला कांजिण्या होतात, आणि बाळंतपणाच्या तोंडावर झाल्या तर नवजात बाळाच्या जिवावर बेततं. झाल्या नसतील तर दहा दिवसांच्या आत एक इंजेक्शन घ्यावं लागेल.

चिंगी म्हणाली, हो, चौथ्या वर्षी. माझं शाळेचं कार्ड आहे ना, मामाच्या मोत्यासारख्या अक्षरातलं. कालच खोक्यात सापडलं. तिने फोनवर त्याचा फोटोही दाखवला. डॉक्टरीणबाईंनी फाइलमध्ये नोंद केली.

अक्षर माझंच आहे. पण चिंगीला कांजिण्या कधीच आल्या नाहीत. शाळेला एक तर लस हवी होती, नाही तर आजार होऊन गेल्याची नोंद. लस मिळत नव्हती, प्रवेशाची मुदत संपत होती. आमच्याच शाळेत घालायची होती, आणि तिथली मुलांची आरोग्यकार्डं मीच भरायचो. ताई म्हणाली, लिही रे, कोण विचारतंय, हे आपल्या दोघांतच.

मी दवाखान्यात सांगायला तोंड उघडलं. बरगड्या अशा आवळल्या की श्वासच आला नाही. श्वास आला तोवर आम्ही जिना उतरत होतो.

इंजेक्शनची मुदत १९ पर्यंत. उद्या सांगतो.

१२ तारीख, बुधवार

आरशात नीट पाहिलं. पट्टा मणक्यापासून निघतो, डाव्या काखेखालून पुढे येतो आणि छातीच्या बरोबर मध्यावर थांबतो. उजवीकडे एक पुळी नाही. पुढच्या टोकाला पाच फोड वेगवेगळे आहेत.

मागून अंगावर हात टाकावा, तसा.

दुपारी पडलो तेव्हा पाठीमागे गादी दबली.

१३ तारीख, गुरुवार

जेवताना दोनदा सुरुवात केली. दोन्ही वेळा तो पट्टा आवळला. चिंगी म्हणाली, मामा, कळ आली का रे? पाणी पी.

गोळ्या घड्याळ लावून घेतो. नवे फोड थांबले आहेत. आग थांबत नाही.

१४ तारीख, शुक्रवार

आज सांगितलं. टेबलाची कड धरून, एकेक शब्द. कार्ड खोटं आहे, मी खोटं लिहिलं, इंजेक्शन घे.

चिंगीच्या डोळ्यांत पाणी आलं. मला बरं वाटलं. पण ती जावईबापूंना हळूच म्हणाली, त्या गोळीने झालंय, डॉक्टर म्हणाल्याच होत्या. मी ओरडून पुन्हा सांगितलं. जावईबापूंनी कार्ड आणून माझ्यापुढे धरलं. मामा, तारीख आहे, शिक्का आहे, तुमची सही आहे. आयुष्यात कधी खोटं बोलला नाहीत, आता शाळेवर कशाला आळ घेता?

चिंगी म्हणाली, तुझ्या समाधानासाठी रक्त तपासते, बस? गुरुवारी तपासणीला जायचंच आहे.

गुरुवारी २० तारीख आहे.

१५ तारीख, शनिवार

दवाखान्यात फोन केला. डॉक्टरीणबाई गावाला, गुरुवारी येतील. फोनवरच्या बाईने फाइल काढून मलाच वाचून दाखवली. कांजिण्या होऊन गेल्या आहेत. काका, काळजी करू नका.

जावईबापूंनी दुखण्याची गोळी बंद केली आहे. माझं डोकं ठिकाणावर यावं म्हणून.

१७ तारीख, सोमवार

सदरा नको. वारा नको. चादर नको. खपल्या धरल्या आहेत, पण खाली तो हात तसाच आहे. बोटं मोजता येतात.

आज कळलं. ताई गुपित राखायला आली नाही. इतकी वर्षं माझ्यात राहिली, तीही माझ्यासाठी नाही. तिला चिंगीकडे जायचं—

१९ तारीख, बुधवार

चिंगीचे पाय धरले. आजच चल म्हटलं. ती रडली. उद्या ना, मामा, उद्याच जायचंय—

संपला दिवस.

२० तारीख, गुरुवार

रक्त दिलं. अहवाल सोमवारी. डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं, चिंगीकडे पाहिलं. हसल्या नाहीत.

२३ तारीख, रविवार

सकाळी चिंगी चहा घेऊन आली. पोटावर काहीतरी चावलंय म्हणाली. दाखवलं. लाल ठिपका, त्यावर पाण्याचा थेंब ठेवल्यासारखा. मानेवर दुसरा. अंग तापलेलं. कंबर पहाटेपासून दुखतेय, अजून दोन आठवडे आहेत, म्हणजे तसलं काही नसेल ना रे मामा?

मी ओरडलो. जावईबापू गाडी काढायला धावले. आता त्यांनी विश्वास—

माझी आग थांबली.

एकदम. दाबून पाहिलं. काही नाही. बरगडी मोकळी, श्वास मोकळा. अठरा दिवसांत पहिल्यांदा. हात निघाला आहे.

चिंगी दारात उभी आहे, चौकट धरून. मला हाक मारतेय. उठायला हवं. तिच्या मागून, डाव्या कुशीवरून, पोटाकडे—