तेरावी विहीर

आपल्या गावाहून,
बुधवार, ता. ९ सप्टेंबर १९६४

कचरू मास्तर,

नमस्कार लिहावा की जय भीम, यात थोडा वेळ गेला. तुमच्या घरची रीत म्हणून जय भीम लिहितो.

तुमचे कार्ड शनिवारी मिळाले. इकडे ज्वारी कमरेएवढी आहे. तुमचे वडील पुंजाजी सध्या बहिणीकडे जेवतात. बोलतात कमी, पण जेवतात. खामगावला तुमची शाळा नीट चालू असेल.

तुम्ही एकच ओळ विचारली आहे : ‘आमच्या विहिरीचे माप तुम्ही स्वतः घेतले का?’

आधी हे सांगतो की, मी चौथी शिकलेला माणूस असलो तरी आरोग्य खात्याचे पुस्तक तीनदा वाचले आहे. व्यासाचा वर्ग, गुणिले पाण्याची खोली, गुणिले पाच, इतके गॅलन. त्यावरून ब्लिचिंग पावडरचे वजन. दर फुटाला गाठ मारलेला दोर मी स्वतः वळला. सरकारने विहिरींत दवा टाकायचे हे काम आमच्या गावच्या सेवा मंडळाकडे दिले तेव्हा मॅट्रिक झालेल्या दोघांना हा गुणाकार जमला नव्हता. बारा विहिरींच्या मापात कुणी अर्ध्या फुटाची चूक काढून दाखवावी.

गावात विहिरी तेरा आहेत.

जुलैत तुमच्या वस्तीकडे निघालो, तर मंडळाचे अध्यक्ष नारायणराव आडवे आले. म्हणाले, “काऊन बे मोतीराम, तो दोर तिकडं बुडवशील अन् मंग आमच्या विहिरीत सोडशील? लोक मंडळात पाय नाही ठेवणार.”

मी म्हटले, “तिकडच्यासाठी दुसरा दोर वळतो.”

“एका विहिरीसाठी? तुले दोर काऊन लागते? तुही नजर म्हणजे दोरच हाये. डॉक्टरबी तेच म्हणत होते.”

डॉक्टर असे म्हणाले होते की नाही, ते मी अजून कुणाला विचारलेले नाही. त्या वेळी मला ते खरे वाटले. खरे वाटावे असेच मला हवे होते.

तुमच्या आई जनकाबाई विहिरीवर पाणी भरत होत्या. मी वीस पावलांवर उभा होतो. त्या हसून म्हणाल्या, “काऊन हो भाऊ, तिथूनच पाहता? या ना जवळ. पाणी लय चढलं हाये औंदा.”

मी म्हणालो, “मोजून झालं, बाई.”

वहीत लिहिले : व्यास आठ, पाणी सात फूट. पुडी बांधून त्यांच्याच हाती दिली. त्यांनी माझ्यासमोर ती पाण्यात कालवून विहिरीत सोडली. पुढच्या प्रत्येक खेपेला तीच पुडी, तेच वजन.

ऑगस्टात पटकीची साथ आली. वस्तीतली तीन माणसे गेली, पहिल्या जनकाबाई. चौथ्या दिवशी मी नवा दोर घेऊन गेलो. कुणी अडवले नाही. व्यास नऊ, पाणी सोळा. गुणाकार तुम्हीच करा. हवी होती त्याच्या जेमतेम एक तृतीयांश दवा पडत होती.

मागच्या आठवड्यात आरोग्य खात्याचे साहेब आले, वही पाहिली, मंडळाची पाठ थोपटली. ‘वस्तीत अस्वच्छता होती’ असा शेरा मारला. या मृत्यूंच्या चौकशीसाठी तुम्ही केलेल्या अर्जाला तेच उत्तर येणार आहे. मी तिथेच उभा होतो. माझ्या अक्षराचेही कौतुक झाले. मी खरे न सांगता वही परत घेतली.

पगारी माणूस असता तर त्याला तेराही विहिरींवर जावे लागले असते. आम्ही सेवा करत होतो. कुणाची करायची आणि किती लांबून, हे आम्हीच ठरवले. नारायणरावांना कालच सांगितले की, मास्तरांना खरे लिहितो आहे. ते म्हणाले, “तुह्याच हातचे आकडे हायेत. तूच बुडशील.” एवढे मात्र ते बरोबर बोलले.

हे पत्र अर्जाला जोडा. माफी मागत नाही. मागितली तर हे पत्र तुमच्या-माझ्यातले होऊन बसेल, आणि मग ते साहेबांसमोर ठेवायला तुम्हाला जड जाईल. साहेबांनी बोलावले तर हेच तोंडाने सांगेन, नारायणरावांसमोर.

तुमच्या आईशी खोटे बोललेला,
मोतीराम उकंडराव जवंजाळ
(सही पूर्ण नावाने, शुद्धीत, कुणाच्या सांगण्यावरून नाही.)