वर्गातली एकुलती विद्यार्थिनी

अल्फारेटा (अमेरिका), ९ फेब्रुवारी २०२५

चि. जागृतीस आजीचा जय भीम आणि एक गालगुच्चा. वि. वि.

बोलते मी, लिहिते तुझी अंजनाकाकू. फोनवर तू नुसतं हं हं करतेस. पत्र तरी वाचावंच लागेल.

शेजारी उदुआकबाई आहे, नायजेरियाची. तिची भाषा अनांग. शाळेत तिला शेजारच्या लोकांची भाषा, इफिक, शिकवली, वर इंग्रजी; घरच्या बोलीला अक्षरं फार उशिरा मिळाली. आता दर रविवारी चर्चच्या खोलीत ती पोरांना अनांग शिकवते. शिकवायची, म्हण. पोरं सॉकर आणि रोबोटिक्सने पळवली, तिची नात एमेमसुद्धा. विद्यार्थी नसले तर खोली योगाला देणार म्हणे. म्हणून मी नाव घातलं. आमच्या दोघींचं इंग्रजी मिळून एक वाक्य होतं, तेवढ्यावर भागतं.

तुमच्या कंपनीच्या त्या भाषांतर बोलणाऱ्या अ‍ॅपमध्ये तिची भाषा घालता येते का, बघ.

लोभ पातळ होऊ देऊ नकोस.
आजी (अंगठा)

बॉथेल, २ मार्च २०२५

ती. आजीस जागृतीचा सविनय जय भीम. वि. वि.

लहानपणी मी पाटी घेऊन मागे लागले की तू म्हशीचं निमित्त काढून पळायचीस, आणि आता अनांग?

मॅनेजरला विचारलं. यादीत अनांग नाही, येणारही नाही. रेकॉर्डिंग कमी, ग्राहक त्याहून कमी. म्हणाला, जवळची मोठी भाषा चालवून घ्या. मला भांडता आलं नाही गं. पोटच्या रीमाशी मीही इंग्रजीच चालवून घेते.

माया आहे तशी राहू दे.
तुझी जागृती

अल्फारेटा, १५ जून २०२५

चि. जागृतीस आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या साहेबाचं म्हणणं उदुआकबाईला सांगितलं. म्हणाली, शाळेतही हेच सांगायचे.

मागच्या महिन्यात तिला मेंदूचा झटका आला. इंग्रजी पार पुसलं गेलं, उरली अनांग. हॉस्पिटलने फोनवर दुभाषी दिला, तो योरुबाचा, तिकडचीच पण वेगळी भाषा. बाईचा मुलगा लांब लेगॉस शहरात वाढलेला. त्याला आईची बोली येत नाही. बाईने पाणी मागितलं. ते मला कळलं, पहिल्याच धड्यात होतं. मी दिलं.

तिथेच फसले. तिला वाटलं, मला सगळं कळतं. माझा हात धरून बोलत राहिली. मध्येच हसली, मग डोळे पुसले. शेवटी काहीतरी विचारलं आणि उत्तराची वाट पाहिली. मला येत होतं पाणी, बस, जेव. मी मान हलवली. तिचं समाधान झालं. मंगळवारी गेली.

एमेम रोज येऊन विचारते, माझी आजी काय बोलली. मी सांगते, पाणी मागत होती.

लोभ ठेव.
आजी (अंगठा)