दुखणेकऱ्याने करायची प्रार्थना

४ मार्च

ती. आत्यास,
सप्रेम सलाम वि. वि.

मागच्या पत्रातली एक चूक आधी दुरुस्त करते. गळ्याचे टाके काढल्यावर मी देवाचे आभार मानले, असे मी लिहिले होते. आभार शेजारच्या खाटेवरच्या बाईंनी मानले, माझ्या वतीने. मी भिंतीकडे तोंड करून पडले होते.

गाठ साधी निघाली, हे मात्र अगदी खरे. पण आवाज गेला तो आलाच नाही. फाटक्या भात्यासारखा नुसता वारा येतो. बालवर्गाच्या बाईंचा आवाजच गेल्यावर काय उरले? मुख्याध्यापिका धीर धर म्हणतात. सध्या फळा पुसते, चित्रे चिकटवते.

आपल्या घरची रीत तुला ठाऊकच आहे: जेवणाआधीची प्रार्थना दुखणेकऱ्याने करायची. सगळे माझ्याकडे बघत बसतात, मी मान हलवते, मग बाबा करतात. तोवर ताटातले निवते. दादा म्हणतो, हिच्या कृपेने गरम जेवणाची चव विसरलो. गंमतच करतो, पण लागते. मनात आभार नसताना तोंडाने म्हणणे म्हणजे देवाशी खोटे बोलणे ना? म्हणूनच चर्चमध्ये दोनदा प्रभुभोजनाच्या भाकरी-द्राक्षारसाच्या वेळीही मी मेजाशी न जाता बाकावरच बसून राहिले. रुसवा घेऊन त्या मेजाशी कसे जायचे, ते तूच सांग.

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.

तुझी भाची


८ मार्च

चि. शंकाराणी हिस,
अनेक आशीर्वाद.

दुरुस्ती पोचली. तुला वाचायला मी शिकवले, तेव्हाही दर ओळीला अडून हे नक्की ना, असे विचारायचीस. सुंभ जळला तरी पीळ जात नाही.

तुझे काका गेले तेव्हा मी माहेरी आले होते. दुःख हेही दुखणेच, म्हणून आजीने प्रार्थना मला करायला सांगितली. मी म्हटले, माझ्याकडे आभार मानण्यासारखे काही नाही. ती म्हणाली, “मग ते त्याला सांग. आम्हांला काय सांगतेस?”

सांगितले. भांडलेच म्हण ना. तुझा बाबा घास हातात धरून रडला. रोज भांडता भांडता एकदा लक्षात आले, ज्याच्याशी मी भांडते आहे तो अजून उठून गेलेला नाही. आभार तिथून सुरू झाले. आधी मी देवाशी पाहुण्यासारखी बोलायचे, आता घरच्यासारखी बोलते. काकांवाचूनचे घर मात्र आजही रितेच आहे, ते तुझ्यापासून लपवत नाही.

आणि मेज धडधाकटांसाठी मांडलेले नाही, पोरी. मांडणाऱ्याच्याच हातांना जखमा आहेत.

गुळण्या कर. दादाचा कान आल्यावर पिळीन.

माया करणारी
आत्या


१२ मार्च

ती. आत्यास,
सप्रेम सलाम वि. वि.

परवा दुपारी प्रार्थना मी केली. बाबांनी सवयीने सुरुवात केली होती, त्यांना हाताने थांबवले. म्हटले, प्रभू, माझा आवाज का नेलास ते कळत नाही, आणि मला तुझा राग आला आहे. वारा जास्त, शब्द कमी. ऐकू यावे म्हणून सगळे पुढे वाकले, बाबांची बाही वाटीत बुडाली. चार डोकी माझ्या तोंडाशी आली, आणि पुढचे शब्द मला शोधावे लागले नाहीत. या माणसांसाठी आभार मानले. आमेन सगळ्यांत मोठ्याने दादाने म्हटले, म्हणून त्याचा कान माफ कर.

वर्गातही एक झाले. मी कुजबुजते म्हणून मुलेही कुजबुजतात. एक मुलगी वर्षभर बोललीच नव्हती. ती काल माझ्या कानाशी येऊन तिच्या मांजराची सगळी हकिकत सांगून गेली. एवढ्यासाठी माझा आवाज गेला, असे मी म्हणत नाही. आवाज परत मागतेच आहे. पण मागणे आणि आभार एकाच प्रार्थनेत मावतात, हे मला माहीत नव्हते. आजारी पडले नसते तर कळले असते का, कोण जाणे.

माझ्यासाठी मागत राहा, आणि आहे ती माया तशीच ठेव.

तुझी
शंकाराणी

ता. क. पाळकसाहेबांना विचारून झाले. ते म्हणाले, तुझी जागा कोणी उचलून नेलेली नाही. मेजाशी जाणार आहे, येत्या रविवारी, १७ मार्चला.