पाव नंबर कमी

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे, भावजींचा खोकला आणि सूनबाईंचा राग हे तिन्ही आटोक्यात असतील असं धरून चालतो. माझी तब्येत ठणठणीत आहे. विचारणारं कोणी नाही, तेव्हा बिघडून करणार काय? पत्र मुद्दाम मोठ्या अक्षरांत लिहितोय. गेले आठ महिने तुझं पत्र नाही, कारण म्हणे डोळ्यांना बारीक दिसत नाही. आणि फोनवर तू 'बरं, ठेवते' यापलीकडे जात नाहीस (मागच्या खेपेला तीनदा म्हणालीस आणि तिसऱ्यांदा खरंच ठेवलास).

तर बातमी अशी, की वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी मी वाचायला लागलोय. हसू नकोस. (माझे धडे तू मोठ्याने वाचायचीस आणि मी नुसता ऐकून पास व्हायचो, हे तू चारचौघांत सांगतेसच.) झालं काय, आमच्या चष्म्याच्या दुकानाचे मालक कुठल्याशा शिबिराला गेले आणि येताना खोकंभर पुस्तकं घेऊन आले. सगळी स्वतःला सुधारण्याची. लगेच फर्मान निघालं: रोज वीस मिनिटं वाचायचं आणि शनिवारी दुकान बंद करण्याआधी प्रत्येकाने उभं राहून, या आठवड्यात आपण कुठे कुठे सुधारलो ते सांगायचं. दुकानात माणसं तीन. मालक, फ्रेमी दाखवणाऱ्या बाई, आणि मागच्या खोलीत डोळे तपासणारा मी. बाईंनी पहिल्याच शनिवारी आपण मनातलं स्पष्ट बोलायला शिकल्याचं जाहीर केलं, आणि तेव्हापासून मालक जेवायला बाहेर जातात.

मी आपलं त्यातल्या त्यात बारीक पुस्तक उचललं. तरी तिसऱ्या पानावर डोळा लागला. पण दुसऱ्या पानावर लिहिलेलं लक्षात राहिलं होतं: वाचलेलं त्याच दिवशी घरच्या माणसाला सांगा, नाहीतर ते अंगी लागत नाही. आता आली का पंचाईत! ही जाऊन सहा वर्षं झाली. घरचं माणूस म्हणजे मीच, आणि मला ते आधीच माहीत. एकदा कपड्यांच्या कपाटाला सांगून पाहिलं, तर शेजाऱ्याने भिंत ठोकली. त्याच पानावर खाली आरशासमोर उभं राहून स्वतःला शाबासकी द्यायला सांगितलं होतं. दुकानात आरसे सहा. सहा टकले एकदम 'शाबास' म्हणाले आणि दारातलं गिऱ्हाईक आल्या पावली परत गेलं.

तेवढ्यात माझ्या हातून चहा सांडला आणि जवळचं वाचायचं कार्ड खराब झालं. (तुला दाखवलं होतं बघ: वर मोठी अक्षरं, खाली बारीक बारीक होत जाणारी. बावीस वर्षं त्यावर एकाच बागेचं वर्णन. माळी पाणी घालतो, माळी वाफे करतो, आणि शेवटच्या मुंगीएवढ्या ओळीत तो काय करतो ते फार थोड्यांना दिसलंय.) नवीन कार्ड येईपर्यंत मी काय केलं, पुस्तकातलं एकेक प्रकरण तसंच, खाली लहान होत जाणाऱ्या अक्षरांत छापून आणलं आणि गिऱ्हाइकांच्या हातात दिलं. ताई, काय सांगू! माणसं मला वाचून दाखवायला लागली. मी डोळे मिटून बसायचो, अगदी तुझ्या शेजारी बसायचो तसा. एका बसचालकाने 'नाही म्हणायला शिका' हे प्रकरण खणखणीत वाचलं, आणि मी चष्मा सुचवल्यावर खणखणीत नाही म्हणून निघून गेला. बेकरीवाल्या काकांनी 'आजचं काम आजच' अर्ध्यावर सोडलं आणि म्हणाले, बाकीचं उद्या बघू. ते अजून यायचे आहेत. त्यामुळे आजचं काम आजच कसं करायचं, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

मग एक निवृत्त मास्तरीणबाई आल्या. काय तो आवाज, काय ती थांबायची तऱ्हा! शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं, वर 'लेखकाने एकच गोष्ट चारदा सांगितली आहे' असा शेरा मारला. त्या गेल्यावर खोली इतकी गप्प झाली की मला ते सहन होईना. आता जे लिहितो ते भावजींना सांगू नकोस. मी मास्तरीणबाईंच्या कागदावर नंबर मुद्दाम पाव कमी लिहिला. चष्मा तसाच तयार झाला. आठवड्याने त्या तक्रार घेऊन आल्या, मी पुढचं प्रकरण हातात दिलं आणि परत पाव कमीच लिहिला. बावीस वर्षांत माझा नंबर कधी चुकला नव्हता गं. लाज वाटत होती, तरी दर मंगळवारी मी धुतलेला शर्ट घालून जायचो. अशी आठ प्रकरणं झाली.

नवव्या मंगळवारी त्यांनी कार्डाला हातच लावला नाही. म्हणाल्या, "पाव कमी आहे हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. माझ्याही घरी ऐकायला कोणी नाही. पण आता मुलाकडे कायमची चालले आहे, तेव्हा या वेळी तेवढा बरोबर लिहा." मी बरोबर लिहिला. दुसरं काय करणार? चष्मा झाला, त्या गेल्या. नवीन कार्डही आलंय. पुन्हा तीच बाग, तोच माळी. नववं प्रकरण माझ्या खणात पडून आहे आणि ते उघडायची मला इच्छा होत नाही. मी फार एकटा पडलोय, ताई.

असो. भावजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क.: गेल्या शनिवारी मालकांनी टाळ्या वाजवून मला 'उत्तम वाचक' ठरवलं आणि बक्षीस म्हणून पुस्तक दिलं (त्याच खोक्यातलं). मी अजून एकही पुस्तक वाचलेलं नाही, सगळं ऐकलंय, हे तुझ्यामाझ्यातच राहू दे.

ता. क. दुसरा: सूनबाई परवा फोनवर बोलून गेल्या की तू अजून सुईत दोरा स्वतःच ओवतेस. म्हणून सोबत नववं प्रकरण पाठवतोय. सगळ्यात खाली मी एक ओळ हाताने लिहिली आहे, मुंगीएवढ्या अक्षरात. ती वाचता आली, तर तुझे डोळे शाबूत आहेत आणि पत्र न लिहायला सबब उरली नाही. नाही आली, तर नंबर वाढलाय आणि तपासायला इकडे यावंच लागेल. बघ, कुठूनही सुटका नाही.

ता. क. तिसरा: ती ओळ खरंच दिसली नाही तर उगाच डोळे ताणू नकोस, इथे मोठ्या अक्षरात लिहितो. 'ताई, ये आणि हे मला वाचून दाखव.' नंबर मी बरोबरच काढेन. पण पाव कमी लिहिला, तर कळलं नाही असं दाखव.