खाजेचा मूळपुरुष

लाटंबार्से,
शनिवार

ति. गोकुळदास भावोजींस,

दोन्ही हात जोडून (सध्या लांबूनच) नमस्कार. तुमचा गुडघा, ताईचं पित्त आणि केरीच्या घराची नवी कौलं सगळं जागच्या जागी असेल अशी आशा. ही हकिकत फोनवरच सांगितली असती, पण तुमचा फोन ताई स्पीकरवर घेते. म्हणून हे पत्र आणि सोबतची पिशवी योगेश बसवाल्याच्या हाती देतोय. पिशवी नंतर उघडा, आधी वाचा.

सुविधाच्या साखरपुड्याहून परतलो आणि तिसऱ्या दिवशी माझ्या बोटांच्या बेचक्यांत खाज उठली. काय सांगू भावोजी! जनेलाच्या, म्हणजे खिडकीच्या, चौकटीला पाठ घासताना मला पाववाल्या पोदेराने पाहिलं आणि तो पाव-उंडे न देताच सायकल दामटत निघून गेला. डिचोलीच्या डॉक्टरांनी खरूज असल्याचं सांगितलं. आमच्या सौभाग्यवतीने (कमलाक्षीला वकिली शिकवायला हवी होती) तिथल्या तिथे निकाल दिला की, जो आधी खाजवतो तोच घरात आणतो. मग तिने ताईला कळवलं. ताईचा फोन आला, ‘ये, पण चेडवाच्या हाताक हात लावू नको.’ नवरीला हात धरून मांडवात नेण्याचा माझा सख्ख्या मामाचा मान आता चुलतभाऊ सखारामला! ज्याने त्या पोरीला आजवर चार चणे दिले नाहीत, त्याला! खोटं कशाला सांगू, फोन ठेवल्यावर मला रडू आलं.

मग मी म्हटलं, बघूया तरी हा किडा आहे कोण. कमलाक्षीची भाची प्राजक्ता जनावरांच्या प्रयोगशाळेत याच किड्यावर संशोधन करते. तिच्याकडे गेलो. तिने खुर्ची लांब ठेवली, पण सगळं दाखवलं. हा किडा बाटलीत वाढत नाही, त्याला जिवंत कातडी लागते, आणि डुकराची कातडी म्हणे आपल्या कातडीशी बरीच मिळतीजुळती. (हे ऐकून आधी वाईट वाटलं, मग तिथल्या डुकराच्या पिलांबद्दल आपुलकी वाटायला लागली. काम झालं की त्यांना औषध देऊन बरी करतात.) तिथे दोन गोठे होते. एकात पहिल्यांदाच खरूज झालेली पिलं. अंगावर किडे, तरी पंधरा दिवस मजेत जेवत-झोपत होती. दुसऱ्यात एकदा होऊन बरी झालेली. त्यांच्या अंगावर किडे सोडल्याला दोनच दिवस झाले होते, तर ती भिंतीला कान घासून बेजार! मी तासभर तिथेच उभा. प्राजक्ता म्हणाली, खाज किड्याची नव्हे, आपल्याच अंगाच्या बंदोबस्ताची. पहिल्या खेपेला अंगाला शत्रू ओळखायलाच महिना-दीड महिना लागतो. दुसऱ्या खेपेला ओळख जुनी, त्यामुळे दोन दिवसांत हल्ला.

भावोजी, मला सातवीत बोर्डिंगात खरूज झाली होती. म्हणजे मी दुसऱ्या गोठ्यातला. माझी खाज केरीहून परतल्यावर तिसऱ्या दिवशी उठली. त्याआधी महिनाभर मी घर सोडून कुठे निजलो नव्हतो. आणि केरीला पाहुण्यांची गर्दी, म्हणून तुम्ही मोठ्या मनाने मला आपल्याच चादरीत घेतलंत.

पुढचं लिहायला माझी लेखणी धजत नाही. तुम्ही वडीलधारे. तुम्हांला कधी खरूज झाली नसणार, हे तुमच्या घराण्याकडे पाहूनच कळतं. आणि घोटाळा तोच आहे. तुम्ही पहिल्या गोठ्यातले. खाजत काहीच नसेल. प्राजक्ताच्या अंदाजाने खाज उठेल साधारण लग्नाच्या आठवड्यात, ऐन अक्षता पडताना.

सर्वांना यथायोग्य. कळावे.

तुमचा मेहुणा,
बाबुराव

ता.क. पिशवीत मलमाच्या ट्यूबा आहेत. घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री गळ्यापासून तळव्यांपर्यंत लावायचं, कपडे-चादरी गरम पाण्यात, आठवड्याने पुन्हा तेच. लग्नाला पंधरा दिवस आहेत, तोवर तुम्हीही स्वच्छ आणि मीही. सुविधाचा हात मला धरू द्या एवढंच मागणं.

ता.क. २. खरूज झालेल्या हाताने मुलीला शिवू नये हा ताईचा नियम मला मान्य आहे. फक्त कन्यादान कोण करणार, याचा विचार व्हावा.

ता.क. ३. ताईला वेगळं पत्र लिहिलंय. त्यात सगळा दोष मी माझ्यावर घेतलाय. ते अजून टपालात टाकलेलं नाही. सखारामला काय कळवलंत ते समजलं, की टाकतो.