काळी पाठ

मोताळा, मंगळवार, संध्याकाळ

अन्वरच्या, माझ्या लहान भावाच्या, कानाखाली इतकी जोरात मारली की तो भिंतीवर आदळला. कोंबडीच्या पिल्लांना ऊब देतात तो बल्ब त्यानं माझ्या पाळीव सरड्याच्या पिंजऱ्यात आत टांगला. सरडा त्याला चिकटूनच बसला, पाठ करपून काळी पडली.

"थंडीनं काळा पडला वाटलं भाई, म्हणून बल्ब आणखी खाली घेतला."

"पिल्लं चटका बसला की पळतात बे, सरड्याले चटका कळतच नाही!"

त्याचाच हात बल्बवर दाबून धरावा वाटलं. गुरांच्या डॉक्टरांनी जखम धुऊन मलम लावलं. बल्ब जाळीच्या बाहेर, लांब टांगा म्हणाले. मी तो दगडावर आपटून फोडला.

आणि ती काळी पाठ घेऊन सरडा बल्बच्या रिकाम्या तारेला बिलगलाय. अजून तिथंच ऊब शोधतोय.